शिडाचें गणित

समुद्राचा विषय निघाला कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें कोंकणपट्टी उभी राहते; खानदेशाच्या वायव्य टोंकाचें नंदुरबार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सर्व बाजूंनीं भूमीनें वेढलेला आहे. तथापि पश्चिम समुद्रावरील नौकानयनाचा इतिहास सांगतांना हा मुलूख वगळून चालावयाचें नाहीं. जिल्ह्यामधून तापी वाहते आणि पुढें सुरतेजवळ समुद्रास मिळते. उत्तर सीमेवरून नर्मदा जाते, ती भडोचपाशीं समुद्र गांठते. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग नंदुरबारावरून जात असे. १६१५ सालीं जहांगीर बादशहाच्या भेटीस निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो हाच रस्ता धरून गेला. सातपुड्याच्या पायथ्याचें तळोदें हें एकोणिसाव्या शतकांत इमारती लांकडाची पेठ म्हणून आणि उत्तम बैलगाड्यांसाठीं प्रसिद्ध होतें. नवापूर तालुक्यास लागून असलेलें डांगचें जंगल इंग्रजांनीं १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून खंडानें घेतलें, तें मुख्यतः सागवानासाठीं. त्या सागवानावर जहाजें बांधणारांचा डोळा होता. जहाज तरंगतें समुद्रावर हें खरें, पण तें जन्मास येतें जंगलांत.

असें असतां एक प्रश्न मनांत येतो. लांकूड होतें, तें तासणारा कुशल सुतार होता, समुद्राकडे नेणारी नदी होती. मग एखाद्या कुटुंबानें आपल्या अंगणांत समुद्र ओलांडणारी नौका बांधावी आणि दोघांतिघांनीं ती स्वतःच हांकावी, ही गोष्ट आपल्याकडे रूढ कां झाली नाहीं? द्रव्याचा अभाव हें उत्तर अपुरें आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंतील बेताच्या मिळकतीच्या कित्येक माणसांनीं घराच्या आवारांत तीस-चाळीस फुटी नौका बांधल्या आणि त्यांतून महासागर ओलांडले. त्यांतील कांहींनीं आपल्या नौकेस शीड निवडलें तें युरोपीय नव्हे, तर चिनी जंकेचें. हें कसें घडलें, याचा इतिहास आपणांस विचार करावयास लावील असा आहे.

प्रथम एक साधें गणित पाहूं. एका नौकेच्या आकारांत फरक न करतां तिची लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, तर शिडाचें क्षेत्रफळ चौपट होतें, नौकेचें वजन आठपट होतें, आणि कलंडूं लागल्यावर पुन्हां सरळ होण्याची तिची शक्ति सोळापट होते. म्हणजे मोठी नौका वाऱ्यापुढें अधिक ताठ उभी राहते. पण तो सारा ताण डोलकाठीस सोसावा लागतो. दोरांच्या आधारावांचून उभी असलेली डोलकाठी हा सोळापट ताण सोसण्यासाठीं मुळाशीं सुमारें अडीच पट जाड करावी लागते. इतकें सर्व वाढलें, तरी माणसाच्या हातांचें बळ होतें तेवढेंच राहतें. सुताराच्या दृष्टीनें वजन हा मुख्य विषय, कारण तितकें लांकूड व तितके श्रम लागावयाचे. पण खलाशाच्या दृष्टीनें शीड हाच मुख्य विषय होय. नौका किती मोठी असावी हें अखेर लांकूड ठरवीत नाहीं. भर रात्रीं वादळ उठल्यास शीड उतरविण्यास किती हात लागतील, तें ठरवितें.

आतां आपल्या किनाऱ्यावरील शिडाकडे वळूं. मचवा, पडाव, फत्तेमारी या नौकांचें शीड एका लांब तिरप्या वाशाला बांधलेलें असे आणि तो वासा डोलकाठीवर चढविलेला असे. वारा बाजूनें असतां हें शीड फार उत्तम ओढतें. परंतु वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यावयाचा झाला, म्हणजे नौकेची पाठ वाऱ्याकडे फिरवून तो अवजड वासा उभा करावा लागे आणि शिडासह डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगास न्यावा लागे. वारा वाढला तर शीड जागच्या जागीं आंखूड करण्याऐवजीं मोठें उतरवून लहान चढवीत. या दोन्ही कामांस पुष्कळ आणि एकमेकांच्या हालचालीस सरावलेले हात लागत. तांडेलाच्या एका हांकेसरशीं सारे खलाशी दोरास झोंबत, तेव्हांच हें शीड ताब्यांत राही.

आपल्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक नव्हती असें नाहीं. १६५७ त कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं तेथें जहाजें बांधावयास प्रारंभ केला. आरंभीं या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. ते निघून गेले, पण काम थांबलें नाहीं. पुढें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत गुराबा फार थोर नव्हेत व फार लहान नव्हेत अशा मध्यम कराव्या, आणि ज्या थोर जहाजांचें वाऱ्यावांचून कांहींच चालत नाहीं तीं करण्याचें प्रयोजन नाहीं, असा अभिप्राय दिलेला आहे. लांकडाविषयींही तेथें केवढी दक्षता! सागवान तोडावयाचें तें परवानगीनें, आणि रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्याफणसांस बळानें हात लावावयाचा नाहीं. जहाजाचें आकारमान आणि त्यास चालविणारें बळ यांचा संबंध अमात्यांनीं अचूक ओळखला होता. मात्र त्यांच्या काळाचें उत्तर शिडांत नसून वल्ह्यांत होतें. आंग्ऱ्यांचीं गलबतें सहसा सत्तर टनांच्या आंतलीं असत आणि त्यांवर चाळीस-पन्नास वल्हीं चालत, असें इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. राज्याच्या आरमारास हें साधतें. एका कुटुंबास साधत नाहीं.

चीनच्या नावाड्यांनीं हेंच कोडें निराळ्या रीतीनें सोडविलें. जंकेचें शीड म्हणजे आडव्या बांबूच्या कांबी घातलेला एक मोठा पडदा. वरच्या टोंकास वासा, खालच्या टोंकास वासा, आणि मध्यें पांच-सहा किंवा अधिक कांबी. हा पडदा डोलकाठीच्या एका अंगास टांगलेला असतो आणि त्याचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढें येतो. त्यामुळें वाऱ्याचा जोर दोन्ही बाजूंस विभागला जाऊन शीड फिरविण्यास बळ कमी लागतें. प्रत्येक कांबीच्या मागच्या टोंकास बारीक दोर असतो आणि ते सर्व एका मुख्य दोरांत गोळा झालेले असतात. वारा कुशी बदलतो तेव्हां नावाड्यास कांहींच करावें लागत नाहीं. शीड आपण होऊन दुसऱ्या बाजूस झुलतें. वारा वाढला तर चढणीचा दोर थोडा सैल सोडावयाचा; खालच्या एकदोन कांबी, खिडकीचा बांबूचा पडदा गुंडाळावा तशा, एकीवर एक येऊन बसतात. त्यांस झेलण्यासाठीं दोन्ही अंगांस दोर ताणलेले असतातच. शिवाय भार प्रत्येक कांबीवर वाटला गेल्यामुळें कापड भारी लागत नाहीं. चटईचें शीडही पुरतें.

हें शीड आपल्या देशास अपरिचित नव्हतें. चौदाव्या शतकांत इब्न बतूता कालिकतास आला, तेव्हां बंदरांत तेरा चिनी जहाजें उभीं होतीं. त्यांचीं शिडें बांबूच्या कामट्यांचीं, चटईसारखीं विणलेलीं असल्याचें त्यानें लिहून ठेवलें आहे. पुढें १४०५ ते १४३३ च्या दरम्यान चिनी दर्यासारंग चंग हो याचीं प्रचंड आरमारें कालिकतास वारंवार आलीं. तरीही पश्चिम किनाऱ्यानें हें शीड उचललें नाहीं. आम्हांस याचें कारण आपल्या वाऱ्यांत दिसतें. पावसाळ्याचे महिने नौका ओढून ठेवावयाच्या, नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यांत लोटावयाच्या, पहांटे जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडावयाचें आणि दुपारच्या समुद्रवाऱ्यावर किनारा धरावयाचा, असें जेथें वर्षाचें व दिवसाचें वेळापत्रक वाराच आंखून देतो, तेथें तिरपें शीड पुरेसें होतें. आणि हातांची वाण नव्हतीच. गरज नसतां शोध घरांत शिरत नाहीं.

इतिहासाचा विनोद असा कीं, चिनी शिडाकडे तुच्छतेनें पाहण्याचा काळ आला तेव्हां त्या प्रसंगास मुंबईचें सागवान साक्षी होतें. १८१३ सालीं मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें ‘कॉर्नवॉलिस’ हें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज पहिल्या अफूच्या युद्धांत चीनला गेलें, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. जिंकलेल्यांची विद्या टाकाऊ, असें जेत्यांस वाटणें स्वाभाविक होतें. परंतु चारच वर्षांनीं हाँगकाँगमध्यें इंग्रजांनीं विकत घेतलेली ‘कीइंग’ नांवाची जंक केप ऑफ गुड होपला वळसा घालून १८४७ त न्यूयॉर्कास आणि १८४८ त लंडनास पोंचली. लोक तिकीट काढून ती पाहावयास गेले. तिच्यापासून कांहीं शिकावें असें मात्र फारसें कोणास वाटलें नाहीं.

तें वाटावयास आणखी शंभरावर वर्षें जावीं लागलीं. हर्बर्ट हॅस्लर हा ब्रिटिश नौसैनिक दलांतील अधिकारी. १९४२ च्या डिसेंबरांत लहान होड्यांतून बोर्डोच्या बंदरांत शिरून शत्रूचीं जहाजें निकामी करण्याच्या साहसाबद्दल तो प्रसिद्ध झाला होता. युद्धानंतर त्यानें ध्यास घेतला तो असा कीं, एकट्या माणसास उघड्यावर न जातां हांकतां येईल अशी नौका कशी करावी. त्यानें आपल्या ‘जेस्टर’ नांवाच्या पंचवीस फुटी होडीस चिनी शीड बसविलें आणि सर्व दोर एका वाटोळ्या झरोक्यापाशीं आणले. १९६० सालीं अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडण्याची शर्यत झाली. तींत फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिला आला. हॅस्लर त्याहून पुष्कळ लहान नौका घेऊन अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरा आला.

परंतु हॅस्लरचें खरें कार्य ही शर्यत नव्हे. जॉक मॅक्लाउड या सहकाऱ्यासह त्यानें अनेक वर्षें प्रयोग केले आणि १९८८ सालीं त्या दोघांनीं चिनी शिडाची रचना व हांकणी यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कांबी किती असाव्या, त्यांचा कोन काय असावा, शिडाचा किती भाग डोलकाठीच्या पुढें यावा, डोलकाठी मुळाशीं किती जाड व टोंकाशीं किती बारीक असावी, दोर कोठून कोठें न्यावे, हें सर्व त्यांनीं मापांनिशीं मांडलें. चिनी कोळ्याच्या हातांत जें शतकानुशतकें होतें तें त्यांनीं कागदावर उतरविलें, आणि त्यामुळें चीन कधींही न पाहिलेल्या माणसास आपल्या नौकेचें शीड स्वतः आखतां येऊं लागलें.

घरीं नौका बांधणारास या शिडाचा मोह कां पडतो हें आतां उघड होईल. युरोपीय पद्धतीच्या उंच डोलकाठीस पोलादी तारांचे आधार, त्या ताणण्याचीं यंत्रें, दोर ओढावयाचे महाग रहाट आणि निष्णात कारागिराकडूनच शिवून घ्यावीं लागणारीं शिडें, इतकें सर्व बाजारांतून आणावें लागतें. चिनी शीड मात्र घरच्या शिवणयंत्रावर शिवतां येतें, आणि डोलकाठी बिनतारेची असल्यानें ती एका चांगल्या खोडांतूनही निघूं शकते. मात्र नौका मोठी होऊं लागली कीं तेंच मघाचें गणित पुन्हां आडवें येतें. कांबींसह शिडाचें वजन इतकें वाढतें कीं तें चढवितां चढवितां माणूस थकून जातो. म्हणून सुज्ञ आखणारा एका प्रचंड शिडाऐवजीं दोन डोलकाठ्या व दोन मध्यम शिडें घेतो. अमेरिकेंतील टॉमस कॉल्व्हिन यानें आखलेली बेचाळीस फुटी ‘गॅझेल’ अशीच दोन डोलकाठ्यांची आहे आणि तिच्या आराखड्यावरून हौशी माणसांनीं कित्येक नौका बांधल्या. इंग्लंडांत पीट व ॲनी हिल या दांपत्यानें प्लायवूडची चौतीस फुटी ‘बॅजर’ स्वतः बांधली, तिलाही दोन चिनी शिडें दिलीं, आणि तींत राहून वर्षानुवर्षें सागरप्रवास केला. थोडक्या मिळकतींत सागरप्रवास कसा करावा हें सांगणारें ॲनी हिल यांचें पुस्तक १९९३ त निघालें.

या शिडांत दोष नाहींत असें म्हणणें खोटें होईल. सपाट शिवलेलें चिनी शीड वाऱ्याच्या तोंडाकडे जातांना मागें पडतें. अलीकडे कांबींमधील कापडास फुगवटा देऊन हा दोष कमी करण्यांत आला आहे. दोर फार लांब लागतात आणि एकमेकांस घासून झिजतात. बिनतारेची डोलकाठी बळकट नसेल तर सर्वच संपलें. आणि समुद्रापुढें कोणतेंही शीड अजिंक्य नाहीं. १९६८ सालीं कोठेंही न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. तींत बिल किंग हा ‘गॅलवे ब्लेझर’ नांवाची बेचाळीस फुटी, दोन चिनी शिडांची नौका घेऊन उतरला होता. दक्षिण अटलांटिकांत वादळानें ती उलथली आणि डोलकाठी निकामी झाल्यामुळें त्याला केपटाउन गांठावें लागलें. नऊ जण निघाले होते. प्रदक्षिणा पुरी करून आला तो एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं.

त्याची बत्तीस फुटी नौका ‘सुहेली’ ही मुंबईची. कुलाब्यास, सागवानांत, हातानें तासणाऱ्या आणि कमानीच्या सामत्यानें भोंकें पाडणाऱ्या हिंदी सुतारांनीं ती बांधली. चाळीस फुटांचीं आणि नव्या तऱ्हेचीं जहाजें जेथें हरलीं तेथें हें जुन्या वळणाचें जाडजूड गलबत टिकलें. परंतु अभिमान वाटत असतांनाच एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. सुहेलीचा आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसानें १९२० नंतरच्या दशकांत केलेला होता, आणि तोही नॉर्वेच्या जुन्या नौकांच्या वळणावर बेतलेला. लांकूड आमचें, हात आमचे. गणित मात्र दुसऱ्याचें.

पुढेंही तोच क्रम चालला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेनें हिंदी नौदलानें सागरपरिक्रमेचा संकल्प केला. त्यासाठीं गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदींत छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. २००९ च्या फेब्रुवारींत ती नौदलांत दाखल झाली. तींतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० त पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्यानें ती करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ त अभिलाष टॉमी यांनीं कोठेंही न थांबतां तीच प्रदक्षिणा पुरी केली. त्याच गोदींत झालेल्या ‘तारिणी’वर २०१७-१८ त सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या, आणि २०२४-२५ त त्याच नौकेवर दोघीच. सहांचें काम दोघींवर येतें, हाच आपल्या विषयाचा गाभा. पण म्हादेईचा आराखडा हॉलंडहून आलेला होता. आणि टॉमी यांची २०१८ च्या शर्यतीची ‘तुरीया’ गोव्यांत बांधली गेली ती सुहेलीच्याच आराखड्यावर.

आमच्याकडे विद्या नव्हती म्हणून असें झालें काय? मुळींच नाहीं. नर्मदेपलीकडच्या धारेच्या भोज राजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरु ग्रंथांत नौकांचे प्रकार व मापें आहेत. चार डोलकाठ्यांची नौका पांढरी, तीनांची तांबडी, दोनांची पिवळी, एकीची निळी रंगवावी, इतका तपशील आहे. पण सुतारास ज्यावरून नवी नौका उभारतां येईल असें गणित त्यांतून निघत नाहीं. मुंबईच्या फत्तेमारीचीं बारकाईनें मापें घेऊन तिचीं चित्रें काढलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानें, पारी यानें. आणि परवां, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पांचव्या शतकाचें जहाज प्रत्यक्षांत उतरवावयाचें ठरलें, तेव्हां हातीं चित्राखेरीज आराखडा नव्हता. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालीं काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून गोव्यांत तें बांधलें गेलें, त्याचें गणित आधुनिक प्रयोगशाळेंत नव्यानें पडताळावें लागलें, आणि २१ मे २०२५ रोजीं ‘कौंडिण्य’ या नांवानें तें कारवारला नौदलांत दाखल झालें. फळ्या शिवण्याची कला एका हातांत जिवंत राहिली होती म्हणून हें जमलें. तो हात नसता तर?

चिनी शीड जगलें याचें कारण तें सर्वश्रेष्ठ होतें असें नाहीं. जेव्हां चीनच्या समुद्रावरूनच यंत्राच्या बोटी त्यास हुसकून लावूं लागल्या, तेव्हां कोणा परक्यानें तें मोजून लिहून ठेवलें, हें त्याचें कारण. आपल्या किनाऱ्यावरही यंत्र आलें आणि शीड गेलें. त्यांत खेद मानण्यासारखें कांहीं नाहीं. मासळी वेळेवर बंदरांत पोंचली पाहिजे. परंतु शिडावर हयात काढलेले वृद्ध तांडेल आणि पाहून पाहून कणा घालणारे सुतार किनाऱ्यावर भेटतात तोंवर त्यांच्यापाशीं बसून मापें घेणें, दोर कोठून कोठें जातो तें काढणें, आणि तें मराठींत, आकृत्यांसह, सुतारास व विद्यार्थ्यास सारखेंच उपयोगीं पडेल अशा रीतीनें लिहिणें, हें काम कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहतां करण्यासारखें आहे. चार-दोन हुशार विद्यार्थी व एखादा प्राध्यापक यांनीं दोन हिंवाळ्यांच्या सुट्या त्यास दिल्या तरी प्रारंभ होईल. मग तळोद्याच्या सुतारानेंही तापीकांठीं नौका बांधावयास घेतली, तर आराखड्यासाठीं त्यास परमुलखाकडे पाहावें लागणार नाहीं.